ठाणे-नवी मुंबईत पर्यावरणशास्त्राची पदवी करायची तर

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "मुलीला निसर्गाची फार आवड आहे हो, पर्यावरणशास्त्राला घालू का?" मी टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) या औद्योगिक पट्ट्यातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. खाडीचं, नाल्याचं, कारखान्यांच्या सांडपाण्याचं पाणी तपासणं हा आमचा रोजचा धंदा. त्यामुळे माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो: आवड आहे ते चांगलंच, पण तिला रसायनशास्त्र झेपतं का? आणि चिखलात उतरून नंतर तासभर आकडे भरत बसायची तयारी आहे का? दोन्हीचं उत्तर "हो" असेल तर पुढचं वाचा. एकाचं "नाही" असेल तरी वाचा, कारण ते शिकता येतं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

पालकांच्या डोक्यात तीन गोष्टींची सरमिसळ असते. पहिली म्हणजे सगळ्याच शाखांना असलेला 'ईव्हीएस'चा, म्हणजे पर्यावरण अभ्यासाचा पेपर. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्यातून तो आला. कॉमर्सची मुलंही तो देतात. तो चांगला गेला म्हणून या विषयात गती आहे असं समजू नका. दुसरी गोष्ट पर्यावरण अभियांत्रिकी. सांडपाणी प्रकल्पाच्या टाक्या आणि पंपांचं गणित तिथे असतं, आणि तिकडे जायचं तर बारावीला गणित घेऊन एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तिसरी आपली बी.एस्सी. तिच्यात रसायन, परिसंस्था, भूशास्त्र, सूक्ष्मजीव, संख्याशास्त्र आणि कायदा एकत्र येतात. पाणी बिघडलंय का, कशामुळे बिघडलंय आणि ते पुराव्यानिशी कसं दाखवायचं, हे या पदवीचं काम. टाकी बांधणं तिचं काम नाही.

विषय ठरवताना नोकरीची जाहिरात आधी वाचा

उलटी वाट वाटेल, पण हीच बरोबर आहे. विद्यार्थी पदवीचं नाव आवडीने निवडतात आणि पाच वर्षांनी जाहिरातीतली पात्रता वाचून कपाळाला हात लावतात.

भारतीय वनसेवेचंच घ्या. पर्यावरणाचं शिकणाऱ्या निम्म्या मुलांच्या मनात कुठेतरी 'आयएफएस' असतंच. त्या परीक्षेला बसायचं तर पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एक तरी विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. म्हणजे नुसती पर्यावरणशास्त्राची पदवी घेतली आणि सोबत यांतला एकही विषय नसला, तर स्वप्नाचं दार आपण आपल्याच हाताने लावून घेतलं.

प्राध्यापकीकडे जायचं असेल तर यूजीसी-नेटला पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. 'गेट' या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या परीक्षेलाही २०२१ पासून 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनीअरिंग' हा पेपर सुरू झाला. प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा महापालिकेची पदं बघत असाल तर त्यांच्या जुन्या जाहिराती शोधा आणि त्यात पदवीचं नाव नेमकं कसं लिहिलंय ते वाचा. 'लाइफ सायन्स', 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स' आणि 'एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट' आपल्याला सारखेच वाटतात. अर्ज छाननी करणाऱ्या कारकुनाला ते सारखे वाटत नाहीत.

माझं स्पष्ट मत सांगतो. तीन वर्षांच्या पदवीला रसायन किंवा वनस्पतिशास्त्र मेजर (मुख्य विषय) आणि पर्यावरण मायनर (जोडविषय), त्यावर पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी., हा रस्ता आपल्या भागातल्या बहुतेक मुलांना जास्त उपयोगाचा आहे. पदवीला पर्यावरणशास्त्र मेजर देणारी कॉलेजं मोजकी आहेत आणि पदव्युत्तरला या विषयाची सोय त्या मानाने बरी आहे. मेजरच पर्यावरण मिळत असेल आणि तोच हवा असेल तर जरूर घ्या. फक्त मायनर रसायन, वनस्पती, प्राणी किंवा भूशास्त्राचा ठेवा.

प्रवेश

मुंबई विद्यापीठाच्या साध्या बी.एस्सी.ला सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी करायची आणि प्रत्येक कॉलेजचा अर्जही वेगळा भरायचा. नुसती विद्यापीठाची नोंदणी करून यादीची वाट बघत बसणारी मुलं दरवर्षी भेटतात. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास ही कागदपत्रं निकालाआधीच काढून ठेवा, कारण निकालानंतर सेतू केंद्राबाहेरची रांग बघवत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि त्यासाठी बँक खातं आधारला जोडलेलं लागतं.

कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा माहितीपुस्तिकेवर थांबू नका. विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित ते विचारा, फीमध्ये मोठा फरक पडतो. मग प्रयोगशाळा दाखवा म्हणा. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) काढायचा इनक्युबेटर चालू आहे का? रंगावरून द्रावणातलं प्रमाण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मुलांना हात लावू देतात की लांबून दाखवतात? गेल्या वर्षी क्षेत्रभेटी कुठे झाल्या? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून हेच प्रश्न पुन्हा विचारले की खरी उत्तरं मिळतात.

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झाला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, क्षेत्रप्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग असे खूप कप्पे आहेत. पहिल्या सत्रात गोंधळायला होतं, होऊ दे. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की ओपन इलेक्टिव्ह 'सोपा पेपर' बघून घेऊ नका. संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) किंवा डेटा हाताळण्याचं काही मिळालं तर ते घ्या.

एक जागा धरा

या लेखातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू दे: पहिल्याच वर्षी घराजवळची एक जागा धरायची आणि पदवी हातात येईपर्यंत सोडायची नाही. दर महिन्याला तिथे जायचं आणि तीच पाच-सहा निरीक्षणं त्याच पद्धतीने घ्यायची. तिसऱ्या वर्षाला प्रकल्पासाठी धावाधाव करून तीन नमुने आणणाऱ्या मुलाच्या शेजारी दोन पावसाळे नोंदवलेली वही घेऊन तुम्ही बसलात, तर मुलाखत घेणारा आधी कोणाकडे वळेल?

आणि जागांच्या बाबतीत आपल्याइतकं नशीबवान कोण आहे! ठाण्याची खाडी दारात. तिच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. एका काठाला दलदल आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो), दुसरीकडे टीटीसीची कारखानदारी, डोक्यावरून पूल आणि विजेच्या तारा. खाडीत जाणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढतं आणि त्यामुळे लहान रोहित इथे टिकतो, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे प्रदूषण वाईट आणि पक्षी चांगले एवढ्या सरळ वाक्यात ही खाडी मावत नाही. विषय शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

खाडीची सुरुवात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापासून करा. तिथे कांदळवनाची ओळख होते, बोटीची फेरीही असते. तिवर आणि पांढरी चिप्पी ही कांदळाची दोन झाडं वेगळी ओळखता आली पाहिजेत. चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष घोषित केलं आहे, त्यामुळे तोंडी परीक्षेतही ती विचारतात. तिवराच्या पानाची मागची बाजू राखाडी-पांढरट असते आणि श्वसनमुळं पेन्सिलीसारखी सरळ वर येतात. चिप्पीचं पान गोलसर, जाड.

घर ठाण्याच्या तलावांजवळ असेल तर मासुंदा, कचराळी किंवा उपवन धरा. तिथे भरती-ओहोटीची भानगड नाही, रस्ता पक्का आहे आणि गणपतीच्या आधी-नंतरचा फरक टिपता येतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना येऊर जवळ आहे, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, मनाला येईल तिथे शिरता येत नाही. खारघर-बेलापूरच्या टेकड्यांवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्यातली झाडं मोजा. दोरी आणि चार खुंट्या, यापेक्षा जास्त खर्च नाही.

नवी मुंबईत राहत असाल तर माझी आवडती जागा धारण तलाव, म्हणजे आपले होल्डिंग पाँड. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून खाडीच्या तोंडाशी झडपा बसवलेले तलाव ठेवले आहेत. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला झडप उघडून बाहेर जातं. आता यातल्या काही तलावांत गाळ साचलाय आणि त्या गाळात कांदळवन उगवलंय. गाळ काढायचा तर कांदळ तोडावं लागणार, आणि उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळाला हात लावायचा तर आधी न्यायालयाची परवानगी. पूर, परिसंस्था आणि कायदा तिन्ही एका काठावर उभं राहून बघता येतात.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. अभयारण्यात आणि वनखात्याच्या जमिनीवर नमुने घ्यायला लेखी परवानगी लागते, कॉलेजच्या पत्रासह अर्ज करा. फोटो काढा, नोंदी करा, पण पकडून किंवा उपटून काही आणू नका. दुसरं, खाडीच्या गाळात एकट्याने उतरायचं नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो आणि पाणी मागून चढतं.

भरतीची वेळ बघितल्याशिवाय घरातून निघूच नका. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. हा ठोकताळा आहे. अमावास्या-पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईच्या किनाऱ्याला बाराच्या पुढे जातं, आणि खाडीच्या आतल्या टोकाला आणखी उशिरा. म्हणून भरतीचं छापील वेळापत्रक हवंच. पण दिवाळे, सारसोळे, चेंदणी, विटावा इथल्या जाणत्या कोळ्यांशी बोलायला लागलात की उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक, कुठली मासळी कधीपासून दिसेनाशी झाली, निवट्या हा चिखलातला मासा कुठे अजून मिळतो, हे सगळं कळतं. ते लिहून घ्या, तारीख आणि जागा घालून. तोही डेटाच आहे.

पाण्याचा नमुना: एकदा नीट बघा

विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत तुम्हाला पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवतील. ती मन लावून शिका, कारण प्रयोगशाळेत आम्ही नव्या मुलाला पहिल्यांदा हीच करायला लावतो. तीनशे मिलीची काचेची बाटली पाण्याखाली धरून ओसंडेपर्यंत भरायची, बूच तिरकं सरकवत बसवायचं. आत मोहरीएवढाही बुडबुडा राहिला तर ओता आणि पुन्हा भरा. मग तिथेच, काठावरच, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड दोन-दोन मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बाटली उलटसुलट केली की साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तयार होतो. तो तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर पाणी मेलेलं आहे. उत्तराचा अंदाज असा काठावरच येतो, आकडा नंतर. साका बसला की दोन मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, सगळं विरघळून पिवळं. मग दोनशे मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन. पिवळा फिका पडला की स्टार्च, निळा रंग येतो, आणि तो ज्या थेंबाला जातो तिथे थांबायचं. या मापात जितके मिली थायोसल्फेट लागलं, तितकेच मिलीग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू. हे सगळं हातमोजे आणि चष्मा घालून, आणि आम्लाचा भाग शिक्षकांच्या किंवा प्रयोगशाळा सहायकांच्या देखरेखीखालीच.

आता पुस्तकात सहसा ठळक न दिसणारी गोष्ट. खारं पाणी गोड्या पाण्याइतका प्राणवायू धरत नाही. तीस अंशाला गोडं पाणी साधारण साडेसात मिलीग्रॅमवर भरतं, समुद्राचं सव्वासहाच्या आसपास. त्यामुळे भरतीच्या पाण्यात सहा आले म्हणून "खाडी प्रदूषित" असा निष्कर्ष काढला तर मौखिक परीक्षेत तोंडावर आपटाल. सीओडीचंही (घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) तसंच: खाडीच्या पाण्यातलं क्लोराइड त्यासाठी घातलेलं डायक्रोमेट खातं आणि आकडा उगाच फुगतो. साधी पद्धत लिटरला दोन हजार मिलीग्रॅम क्लोराइडपर्यंतच चालते, समुद्राच्या पाण्यात एकोणीस हजारांच्या घरात असतं. बीओडी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवतात, परदेशी पुस्तकांत २० अंशांना पाच दिवस. अहवालात कुठली पद्धत वापरली ते लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही.

आणि नमुना दर वेळी भरतीच्या एकाच टप्प्याला घ्या. ओहोटीच्या शेवटी खाडीत शहराचं पाणी जास्त असतं, भरतीला समुद्राचं. एकदा सकाळी, एकदा दुपारी असं जमेल तसं घेतलेलं पाणी महिन्यांचा फरक दाखवत नाही, भरतीचाच दाखवतं.

कायदा पाठ करू नका, कागद वाचा

१९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवा कायदा, भोपाळनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना, २०१० चा हरित न्यायाधिकरणाचा कायदा. परीक्षेसाठी ही यादी लागेलच. पण कामावर उपयोग होतो तो कागद वाचण्याचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एखाद्या कारखान्याला दिलेलं संमतीपत्र शोधून अट न् अट वाचा: किती पाणी वापरायचं, किती सोडायचं, बीओडी किती चालेल. पर्यावरण मंजुरीच्या 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर मोठ्या प्रकल्पांची कागदपत्रं सार्वजनिक असतात. नवी मुंबई विमानतळाला २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, पुढे उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. मंजुरीतल्या अटी एका बाजूला आणि गुगल अर्थवरची वर्षावर्षाची चित्रं दुसऱ्या बाजूला ठेवून बघा. महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढते, तोही घ्या आणि गेल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहा. काही परिच्छेद शब्दशः तेच सापडतात, हा वेगळाच धडा.

संगणकाचं थोडक्यात. एक्सेल पक्कं करा. नकाशे काढायचं क्यूजीआयएस फुकट आहे, इस्रोचं उपग्रह-नकाशांचं 'भुवन' फुकट आहे, डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्गही फुकट आहेत आणि प्रमाणपत्र देतात. आपल्या धरलेल्या जागेचा नकाशा स्वतः काढता आला की क्यूजीआयएस आपोआप येतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र इंग्रजीमुळे जड जातं. उपाय साधा आहे: प्रयोगवही आधी मराठीत लिहा, काय केलं आणि काय दिसलं ते, मग इंग्रजीत उतरवा. विचार कच्चा असला की तो मराठीतही लिहिता येत नाही, हे लगेच कळतं.

ऑन जॉब ट्रेनिंग

ही सक्ती आहे म्हणून उरकून टाकू नका. आपल्या भागात महापालिकांची मलनिस्सारण केंद्रं आहेत, टीटीसी आणि तळोज्याला सामायिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहेत, महापे-रबाळे-वागळे इस्टेटला प्रयोगशाळा, वाशी-बेलापूरला सल्लागार कंपन्या. कॉलेज जागा मिळवून देईल या भरवशावर राहू नका. सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी कॉलेजचं पत्र, एक पानी माहिती आणि आपल्या जागेच्या नोंदींची वही घेऊन स्वतः जा. ईमेल कोणी उघडत नाही, गेटवरचा रखवालदार मात्र नाव सांगतो. प्रयोगशाळा निवडताना ती एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे का ते बघा, म्हणजे नोंदी ठेवण्याची शिस्त लागते. तिथे पहिले काही दिवस बाटल्या धुवायला लावतील. धुवा. बाटली नीट धुतली नाही तर फॉस्फेटचा आकडा कसा चढतो ते तिथेच कळतं. विद्यावेतन मिळेलच असं नाही, पण येण्याजाण्याचा खर्च मागायला लाजू नका.

एक गोष्ट ठाम पाळा. न मोजलेला आकडा भरायला कोणी सांगितलं तर भरू नका, आणि सही तर मुळीच करू नका. या धंद्यात असं सांगणारे भेटतात.

तीन वर्षं की चार

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि पुढे एका वर्षाची एम.एस्सी. वर्षांची बेरीज दोन्हीकडे पाचच. कॉलेज बदलून चांगल्या विद्यापीठात जायचं असेल तर तीन वर्षांनी निघा आणि दोन वर्षांची एम.एस्सी. करा. नव्या प्रयोगशाळेत रुळायला एक वर्ष तसंही जातं. चौथं वर्ष तेव्हाच करा, जेव्हा मार्गदर्शक चांगला आहे आणि तुमच्या जागेचा डेटा पुढे न्यायचाय. घरची ओढाताण असेल तर तीन वर्षांनी प्रयोगशाळेत किंवा सांडपाणी केंद्रावर नोकरी धरून एम.एस्सी. नंतर करणारे खूपजण आहेत, आमच्याकडेही आहेत. त्यांना अर्जात आधी विचारलं जातं ते एवढंच: कुठली उपकरणं स्वतः चालवली आहेत, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरण प्रमाणाशी ताडून नीट करणं, स्वतः केलंय का.